आरोपपत्रात आधी तारीख बघ

म्हापशाच्या कोर्टात वकील म्हणून उभी राहणार आहेस, तर आरोपपत्र हाती आलं की कलमाआधी घटनेची तारीख बघ. १ जुलै २०२४ ला नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली; त्याआधीच्या घटनेला जुनी भारतीय दंड संहिताच लागते, खटला आज चालला तरी.

मग कृती आणि हेतू वेगळे काढ. कळंगुटला कुणी आपली समजून दुसऱ्याची भाड्याची स्कूटर नेली, तर अप्रामाणिक हेतू नाही, म्हणून न्याय संहितेच्या कलम ३०३ ची चोरी होत नाही. पण हेतू कुणी कबूल करत नाही गं, तो वागण्यातून शोधायचा: चूक कळल्यावर गाडी परत केली, की नंबरप्लेट बदलली? निष्काळजीपणाने मृत्यू झाला असेल तर मात्र 'हेतू नव्हता' म्हणून सुटका नाही. कलम १०६ ला हेतू लागतच नाही.