वाचकांचे प्रश्न : जुनी व्हिडिओ गेम, नवा टीव्ही

प्रश्न : माळ्यावर लहानपणची कॅसेटवाली गेम सापडली. बर्डीवरून एचडीएमआयचा डबा आणला, तरी टीव्हीवर ‘नो सिग्नल’. टीव्हीला पिवळ्या पिनेचं भोकही नाही. – एक वाचक, महाल

उत्तर : आधी डब्यावरचं नाव वाचा. ‘एचडीएमआय टू एव्ही’ लिहिलं असेल तर डबा उलट्या कामाचा आहे. तुम्हाला ‘एव्ही टू एचडीएमआय’ हवा. एव्ही म्हणजे पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जुनी जोडणी. दोन्ही दिसायला जुळे भाऊ, त्यामुळे दुकानदारही फसतो. डबा बरोबर असेल तर त्याला यूएसबीतून ५ व्होल्ट मिळतात का ते बघा.

पण डब्याशिवायही काम होऊ शकतं. टीव्हीच्या मागे ‘एव्ही इन’ लिहिलेलं, हेडफोनच्या भोकासारखं ३.५ मिलिमीटरचं भोक आहे का, बघा. असेल तर चार भागांच्या पिनेची लीड लागते. पिनेवर तीन काळ्या रेघा मोजा. खरी मेख इथेच आहे : या चार भागांचा क्रम सगळ्या लीडमध्ये सारखा नसतो. हँडीकॅमची जुनी लीड लावली की कधी पडदा काळा राहतो, कधी नुसती घरघर ऐकू येते. मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक टोक पिवळ्या पिनेच्या बाहेरच्या कड्याला, दुसरं बारीक पिनेच्या एकेका भागाला लावा. जिथे बीप वाजेल तो ‘अर्थ’, म्हणजे ग्राउंडचा भाग. तो टीव्हीच्या पुस्तिकेतल्या आकृतीशी जुळला नाही, तर ती लीड बाजूला ठेवा. अर्थ जुळूनही चित्र येत नसेल, तर पिवळ्याच्या जागी लाल किंवा पांढरी पिन लावून पाहा.

गेमला फक्त अँटेनाची वायर असेल, तर गेम चालू ठेवून टीव्हीत अॅनालॉग चॅनेल शोधा. डिजिटल सर्चला ती सापडणार नाही.

आणि अडॅप्टर! ९ व्होल्टचा हरवला म्हणून घरातला १२ व्होल्टचा लावू नका. अशा बहुतेक गेममध्ये ७८०५ ही आयसी ५ व्होल्ट करते आणि उरलेलं उष्णतेत घालवते. ४०० मिलिअँपिअरला ९ व्होल्टवर १.६ वॉट, १२ व्होल्टवर २.८ वॉट. नागपूरच्या मे महिन्यात एवढा फरक आयसी गरम होऊन गेम मधेच बंद पडायला पुरे. प्लस-मायनसची खूण गेमच्या पाठीवर असते, तीही जुळवा. काहींत मधली पिन मायनस असते.

प्रश्न : प्लेस्टेशन २ लावलं, पण चित्र कृष्णधवल येतं. – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : बऱ्याच टीव्हींत पिवळी पिन हिरव्या भोकातच लावायची असते. पिन तिथे असेल, पण टीव्ही ‘कंपोनंट’वर (हिरव्या-निळ्या-लाल भोकांतून चित्र घेणाऱ्या सोर्सवर) असेल, तर रंग येत नाहीत. सोर्समध्ये ‘एव्ही’ निवडा. पुढे पाच पिनांची कंपोनंट लीड घेतली, तर गेमच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये ‘वाय सीबी/पीबी सीआर/पीआर’ ठेवा. ‘आरजीबी’ राहिलं तर सगळं हिरवं दिसेल. खेळताना बटण दाबल्यावर उडी उशिरा पडत असेल, तर टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा.

प्रश्न : बदकं मारायची बंदूक नव्या टीव्हीवर एकही नेम घेत नाही. काय बिघडलं? – एक वाचक, इतवारी

उत्तर : काहीच नाही. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. एलईडी टीव्ही तो चौकोन उशिरा दाखवतो, तोवर गेमने ‘चुकला’ ठरवलेलं असतं. कुठलाही डबा किंवा लीड यावर चालत नाही. कबाडीकडे जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही शोधा.