कर्जदारानं स्वतःची उधारी मागावी का?

"बँकेशी तडजोड झालीय, हप्तेही ठरलेत. पण आमचेच पैसे लोकांकडे अडकलेत. ते मागावेत का? आणि आले तर बँकेला सांगावं का?"

दुकानदार, छोटे कारखानदार, कंत्राटदार, शब्द थोडे बदलून सगळे हेच विचारतात. गंमत म्हणजे यातले बरेचजण आधी वकिलाकडे जाऊन आलेले असतात. नोटीस लिहून तयार असते. ती पाठवायला हात उठत नाही, म्हणून ते माझ्याकडे, समुपदेशकाकडे, येतात.

कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं युनिट चालवणाऱ्या एका गृहस्थांबद्दल सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. घरीदारी त्यांना सगळे दादाच म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्यांचं कॅश क्रेडिट खातं, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज, थकलं होतं. बँकेनं एकरकमी परतफेड योजनेत (नाव एकरकमी, पण हप्ते बांधून मिळतात) 13,50,000 रुपयांवर तडजोड मान्य केली. 20 टक्के, म्हणजे 2,70,000 रुपये, वहिनींच्या पाटल्या मोडून भरून झाले होते. उरलेले दरमहा 90,000 प्रमाणे 12 हप्त्यांत. मंजुरीपत्रात स्पष्ट लिहिलं होतं की हप्ता चुकला तर सवलत रद्द आणि पूर्ण येणं वसूल.

पहिल्या भेटीत मी त्यांना बाहेरच्या येण्याची यादी करायला सांगितली. ट्रॉल्या बनवणाऱ्या एका कारखान्याकडे सुट्या भागांचे 3,10,000. किरकोळ सात-आठ गिऱ्हाइकांकडे मिळून 1,35,000. बेरीज 4,45,000. म्हणजे जवळजवळ पाच हप्ते बाहेर पडून होते.

"मग मागितले का नाहीत?"

"कुठल्या तोंडानं मागू मॅडम? मीच बँकेचं बुडवलेला माणूस. उद्या कोण तोंडावर म्हणालं, आधी तुझं भागव, तर?"

"म्हणालंच, तर?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खरंच आहे की ते."

हे "खरंच आहे की ते" मी फार ऐकलंय. परिस्थिती माणसाला अडवते तेवढी अडवतेच, पण त्याहून जास्त अडवतो त्यानं स्वतःविरुद्ध दिलेला निकाल. बँकेनं दादांना बुडवा म्हटलं नव्हतं. उलट कागद करून, हप्ते बांधून दिले होते. निकाल दादांनी स्वतःच लावला होता, आणि शिक्षा म्हणून मागण्याचा हक्क काढून घेतला होता. मी अशा वेळी धीर देत बसत नाही. तो निकाल कुठल्या पुराव्यावर दिला, ते तपासायला लावते. दादांनी बँकेचे पैसे थकवले हे खरं. म्हणून कारखान्यानं त्यांचे द्यायचे नाहीत, हे कुठून आलं?

ते सैल झाल्यावर दुसरी गोष्ट बाहेर आली, आणि ती जास्त नाजूक होती. कारखान्याचे पैसे आले तर ते वहिनींच्या खात्यावर घ्यायचा त्यांचा विचार होता. "आमच्या खात्यावर आले की बँक ओढून घेणार."

इथे मात्र मी थेट सांगते, आणि वाचणाऱ्यांनाही सांगते. कॅश क्रेडिटला बहुतेक वेळा माल आणि येणे बाकी दोन्ही बँकेकडे नजरगहाण असतात, म्हणजे ताबा तुमचा पण तारण बँकेचं. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देताना हीच उधारी तुम्ही बँकेला दाखवलेली असते. साधारण 90 दिवसांपेक्षा जुनी उधारी बँक उचलमर्यादेसाठी, म्हणजे खात्यातून किती उचलता येईल ते ठरवताना, धरत नाही, म्हणून लोकांना वाटतं की ती आता आपली, बँकेचा संबंध संपला. तसं नसतं. मंजुरीपत्र आणि मूळ करारनामा काढून वाचा, समजलं नाही तर वकिलाकडून वाचून घ्या. वसुली बायकोच्या किंवा मेव्हण्याच्या खात्यावर वळवली आणि उद्या ते उघड झालं, तर तडजोडच धोक्यात येते. शिवाय ज्या माणसाला "मी बुडवा नाही" हे स्वतःला पटवायचंय, त्यानं चोरून पैसे घेतले की आतला निकाल कायम होतो. मला हा तोटा पहिल्याहून मोठा वाटतो.

दादांनी यादी घेऊन शाखेत जायचं ठरवलं. जायच्या आधी मी विचारलं, "यादी पूर्ण आहे ना?"

"हो."

सोबत आलेल्या वहिनी खिडकीकडे बघत होत्या. मी त्यांना काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "दाजींचे लिहा की."

2018 मध्ये बहिणीच्या नवऱ्याला गोठ्यासाठी 2,40,000 दिले होते, तेही कॅश क्रेडिटमधूनच उचलून. कागद नाही, काही नाही.

"ते घरातलं आहे," दादा म्हणाले. "ते सोडलेत मी."

"दाजींना तसं सांगितलंत?"

"नाही. असं कसं सांगणार?"

"बँक तुम्हाला किती टक्के लावत होती?"

"बारा."

"2,40,000 वर वर्षाला किती झाले?"

दादांनी मोबाइलवर हिशेब केला. बोट पडद्यावर तसंच राहिलं. "28,800."

"म्हणजे सोडले नव्हतेत. दाजींच्या गोठ्याचं व्याज दरवर्षी तुमच्या नावावर चढत होतं."

वहिनी हळूच म्हणाल्या, "आणि पाटल्या माझ्या गेल्या."

मला वाटतं, सगळं तिथंच फिरलं. दादांना बहिणीला दुखवायचं नव्हतं, आणि त्यांच्या मते त्याची किंमत शून्य होती. ती किंमत दुसरंच कुणीतरी भरत होतं, आणि ते शेजारच्याच खुर्चीत बसलं होतं. नात्यात मागायला लाजणारा माणूस नेहमी स्वतःला उदार समजतो. त्या उदारपणाचा हिशेब मांडून दाखवणं हे माझ्या मते समुपदेशकाचं काम आहे, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं असं मी नम्रपणे म्हणेन.

मग आम्ही मागण्याची तालीम केली. दादांचं पहिलं वाक्य होतं, "दाजी, जमलं तर बघा, नाहीतर राहू दे." मागणंही त्यांनीच केलं आणि माघारही त्यांनीच घेतली. तीन-चारदा बदलून ते असं झालं: "दाजी, तुमच्याकडे माझे 2,40,000 आहेत. मला दर 15 तारखेला बँकेत भरायचं असतं. तुम्ही महिन्याला किती देऊ शकाल?" आणि मग गप्प बसायचं. सगळ्यात अवघड हेच. समोरच्याच्या शांततेत आपणच "राहू दे" म्हणून टाकतो.

दाजींनी दर दहा दिवसांच्या दूध बिलातून 4,000 द्यायचं कबूल केलं. महिन्याला 12,000, म्हणजे 20 महिने. बहीण मात्र बिनसली. पुढं दोन-तीन महिने तिचा फोन आला नाही, आणि दादांनी तो काळ न डगमगता काढला.

कायद्याची बाजू वकिलाची, पण काही गोष्टी माहीत नसल्यानं लोक घाबरतात, म्हणून लिहिते. 1963 च्या मुदत कायद्यानुसार अशा पैशाच्या वसुलीचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो. मुदत संपण्याआधी देणेकऱ्यानं सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं मिळतात. दाजींची मुदत केव्हाच उलटली होती. पण उलटलेलं देणंही फेडीन असं सही करून लिहून दिलं, तर 1872 च्या करार कायद्यानुसार ते वचन बंधनकारक ठरतं. दादांनी वहीत चार ओळी लिहिल्या, दाजींनी खाली सही केली. आणि उसनी रक्कम 20,000 किंवा त्याहून जास्त असेल तर ती रोखीनं परत करू नये. आयकर कायद्यानं परत करणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. खात्यावरून घ्या.

कारखान्याचं प्रकरण निराळं. दादांची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, माल पुरवण्याच्या आधीपासूनची होती. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार अशा पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. त्यातच 2023-24 पासून सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल या मुदतीत दिलं नाही आणि 31 मार्चला ते थकीत राहिलं, तर माल घेणाऱ्याला तो खर्च आयकरासाठी त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही. दादांचं बिल सप्टेंबर 2024 चं होतं. नोटीस फेब्रुवारीत गेली, आणि मार्चमध्ये कारखान्याच्या अकाउंटंटचा स्वतःहून फोन आला. 2,00,000 जमा झाले.

किरकोळ उधारीतले 18,000 दादांनी समजूनउमजून सोडले. त्या माणसाचं दुकान बंद पडलंय. ती नोंद त्यांनी लाल पेनानं छेदली आणि त्याला फोन करून तसं सांगितलं. असं सोडणं मला मान्य आहे.

शाखाधिकाऱ्यांनी यादी ठेवून घेतली. येणारी रक्कम तडजोडीच्या खात्यातच भरायची आणि ती पुढच्या हप्त्यापोटी धरायची, असं पत्रानं ठरलं. कारखान्याचे 2,00,000 आले तेव्हा दादांना जस्ती पत्रा स्वस्तात मिळत होता, मोह झाला होता. ते आधी बँकेत गेले, दोन हप्ते आगाऊ भरले गेले.

कारखान्याकडचे उरलेले 1,10,000 आणि व्याज यांचं प्रकरण आता याच एमएसएमई कायद्याखालच्या, थकीत बिलांचा निवाडा करणाऱ्या कौन्सिलपुढे आहे. ती रक्कम दादांनी हप्त्यांच्या हिशेबात धरलेलीच नाही, आणि शाखेत तसं सांगून ठेवलंय. रिझर्व्ह बँकेनं जून 2023 मध्ये आणलेल्या नियमानुसार तडजोड झालेल्या कर्जदाराला, शेतीकर्ज सोडून, त्या बँकेकडून किमान 12 महिने नवं कर्ज मिळत नाही. शेवटचा हप्ता भरून बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा कागद, हातात पडला की पत्रा, अँगल, वेल्डिंग रॉड सगळं रोखीनं आणावं लागणार, आणि ते पैसे कारखान्याकडच्या या उरलेल्या रकमेतूनच यायचेत.