एमपीएचच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाची कौशल्यं कशी शिकवावीत?

तुम्ही विचारलं आहे की एमपीएचची (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीची) मुलं साथरोगशास्त्रात, संख्याशास्त्रात चांगले गुण मिळवतात, पण तालुक्याच्या ठिकाणी कामाला लागली की अडखळतात. मग शिकवताना काय बदलावं? मी काही वर्षं जिल्हा पातळीवर साथरोगाचं काम केलं आणि आता शिकवतो. माझं मत ठाम आहे. ज्याचा कुणाला तरी खरोखर उपयोग होणार आहे असं काम विद्यार्थ्याच्या हातात द्या आणि ते करताना अनुभवी माणूस त्याच्या सोबत ठेवा. बाकी सगळं यानंतर.

सध्या बऱ्याच ठिकाणी फील्ड पोस्टिंग म्हणजे काय असतं? बसने पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) जायचं, मेडिकल ऑफिसरकडून माहिती ऐकायची, लसींचा फ्रीज आणि रजिस्टरं बघायची, अहवाल लिहायचा. तो अहवाल कॉलेजच्या कपाटात जातो. पीएचसीला त्यातून काहीच मिळत नाही, म्हणून पुढच्या बॅचला तिथे कुणी मनापासून वेळही देत नाही.

त्याऐवजी गावातल्या जुलाबाच्या साथीचं उदाहरण घ्या. साथ आपल्या वेळापत्रकाप्रमाणे येणार नाही, म्हणून सुरुवात जुन्या साथीच्या कागदांवरून करा. नावं काढून टाकलेली लाइन लिस्ट (एकेका रुग्णाची माहिती ओळीने लिहिलेली यादी) जिल्ह्याकडून रीतसर परवानगीने मागून घ्या. पहिलं काम केस डेफिनिशन, म्हणजे रुग्ण कुणाला धरायचं याची व्याख्या, ठरवण्याचं. ‘अमुक तारखेपासून या गावात राहणारी, २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ जुलाब झालेली व्यक्ती’ एवढं एक वाक्य लिहायला मुलांना तास लागतो आणि तो लागू द्यावा. पाहुणा म्हणून आलेला धरायचा का? तान्हं बाळ धरायचं का? हे वाद झाले की व्याख्या का लागते ते पक्कं समजतं. मग दिवसवार रुग्णांचा आलेख, मग गावाचा नकाशा, आणि मग आकडेमोड. समजा, सार्वजनिक विहिरीचं पाणी पिणाऱ्या १२० जणांपैकी ३६ आजारी पडले आणि न पिणाऱ्या २०० पैकी १०. म्हणजे ३० टक्के आणि ५ टक्के, धोका सहापट. हे गणित परीक्षेत सगळ्यांना येतं. पण इथे थांबू नका. आता विद्यार्थ्याला ग्रामपंचायतीसाठी एक पानाचं पत्र लिहायला सांगा: पाण्याची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलं आहे का हे पाहण्याची चाचणी) कुणी, कधी करायची, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती आणि कुठे टाकायची, तोवर लोकांनी पाणी उकळून प्यायचं हे गावात कोण सांगणार. त्यानंतर वर्गातच एकाला सरपंच करा, एकाला ग्रामसेवक करा आणि त्यांच्यासमोर बोलायला लावा. ‘आमच्या विहिरीला काही झालेलं नाही’ असं सरपंच म्हणाला की खरी परीक्षा सुरू होते. हे बोलणं ज्याला जमत नाही त्याचा सहापटीचा आकडा कागदावरच राहतो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा हेच सगळं मोठ्या प्रमाणावर करावं लागलं. घरोघर सर्वेक्षण, पाण्याचे नमुने, रुग्णालयांकडून माहिती गोळा करणं, आणि त्याच वेळी कोंबडी खायची की नाही असं विचारणाऱ्या घाबरलेल्या लोकांना उत्तर देणं. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून किंवा अर्धकच्च्या कोंबडीतून पोटात जाणारा जिवाणू सापडला होता. त्या आधारावर लोकांना काय सांगता येतं आणि काय अजून सांगता येत नाही, यावर मी विद्यार्थ्यांना दोन मिनिटांचं निवेदन तयार करायला लावतो. संपूर्ण सत्रात याच्याइतका उपयोगी तास दुसरा नाही.

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत १९५१ साली अलेक्झांडर लँगमूर यांनी साथरोग तपासनीस तयार करायला सुरुवात केली ती काम करत शिकण्याच्या तत्त्वावर. त्याच धर्तीचं एफईटीपी (फील्ड एपिडेमिऑलॉजी ट्रेनिंग प्रोग्राम) प्रशिक्षण चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत २००१ पासून आहे. अशा प्रशिक्षणात वर्गाचा वेळ साधारण चौथा हिस्सा असतो, उरलेला प्रत्यक्ष कामाचा. आपल्याकडे तर अहिल्यानगर जिल्ह्यातलं जामखेड आहेच. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना त्यांनी ग्रामआरोग्य सेविका बनवलं. त्या शिकायला केंद्रावर यायच्या, शिकलेलं आपल्या गावात करून बघायच्या आणि अडचणी घेऊन परत यायच्या. एमपीएचच्या दोन वर्षांत आपल्याला हे चक्र का बसवता येऊ नये?

मूल्यमापन बदललं नाही तर मात्र काहीच बदलणार नाही. मुलं गुण मिळतात तेच करतात. लेखी पेपर राहू द्या, पण निम्मे गुण केलेल्या कामाला द्या: साथीचा अहवाल, एचएमआयएसच्या (आरोग्य केंद्रांची आकडेवारी नोंदवणाऱ्या सरकारी प्रणालीच्या) आकड्यांतली चूक शोधून पीएचसीला दिलेली टिपणी, आशाताईंसाठी घेतलेलं एखादं सत्र. काय चांगलं आणि काय अपुरं याचे निकष विद्यार्थ्यांना आधी लेखी द्या. पहिल्या मसुद्याला गुण देऊ नका. सूचना देऊन परत पाठवा आणि सुधारलेल्यालाच गुण द्या. एका शिक्षकाकडे चाळीस मुलं असतील तर हे होत नाही, हे खरं आहे. म्हणून तालुका आरोग्य अधिकारी, अनुभवी आरोग्य सहाय्यक यांना मानधन देऊन मार्गदर्शक म्हणून जोडून घ्या. आरोग्य सहाय्यकांना जे माहीत असतं ते आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतं.

अख्खा अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहू नका, ती परवानगी विद्यापीठाकडून यायला वेळ लागतो. या सत्रात एकच करा: जवळच्या पीएचसीच्या मेडिकल ऑफिसरना भेटा आणि विचारा, ‘तुमचं कोणतं काम मनुष्यबळाअभावी रखडलंय?’ लसीकरण चुकलेल्या मुलांची यादी म्हणतील, क्षयरुग्णांचा पाठपुरावा म्हणतील. पाच विद्यार्थ्यांना त्या एका कामावर लावा आणि शेवटचा अहवाल तुमच्यासमोर नाही, त्या मेडिकल ऑफिसरांसमोरच सादर करायला सांगा.