विणकामाला लागणाऱ्या वेळेची नोंद

पहिला स्वेटर विणायला घेताना एकूण किती तास लागतील, हा प्रश्न तुम्हाला पडणे साहजिक आहे. मात्र प्रत्येक बैठकीचे तास मोजत बसण्यापेक्षा ओळींवरून वेळ काढणे अधिक सोयीचे ठरते. बॉर्डर संपली, की सलग 10 ओळींना लागलेली मिनिटे फोनवर मोजून वहीत लिहावीत आणि त्यापुढे ओळीतील टाक्यांची संख्याही लिहावी, कारण 100 टाक्यांची ओळ 4 मिनिटांत होत असेल, तर मुंढ्याला टाके कमी होऊन 70 राहिल्यावर ती 3 मिनिटांच्या आतच संपते. एक सुलट एक उलट अशा बॉर्डरीत लोकर सतत पुढे-मागे घ्यावी लागत असल्याने तिचा वेग निराळा मोजावा. वेण्यांच्या नमुन्याचे तर विचारूच नका. उसवण्यात गेलेला वेळ वगळण्याचा मोह होतो, पण तो वेगळ्या रकान्यात अवश्य लिहावा. खांदे जोडणे, बाह्या शिवणे, गळ्याचे टाके उचलणे आणि लोकरीची टोके आत ओवणे ही कामे बहुतेक नवशिके हिशेबातच धरत नाहीत, आणि मग ऐन थंडीत स्वेटर तुकड्यांतच पडून राहतो. पुढे कोणी पैसे देऊन स्वेटर करून मागितला, तर मजुरी ठरवताना हीच वही समोर ठेवावी.