नोटिशीतली वेळ कोणत्या घड्याळाची?

प्रतापनगरच्या एका निवृत्त वाचकांना सायबर पोलिसांची नोटीस आली आहे. त्यांच्या ब्रॉडबँडच्या आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेटवर जोडणी ओळखण्याच्या क्रमांकावरून) बनावट खातं चालवून कुणीतरी लोकांचे पैसे उकळले, असा आरोप. वेळ दिली आहे २०:४०. ते लिहितात, "त्या संध्याकाळी आम्ही सगळे काटोलला लग्नाला होतो, रात्री साडेअकराला परतलो. वरच्या खोलीतले विद्यार्थी आमचंच वायफाय वापरतात. घराला कुलूप होतं एवढं लिहून दिलं की पुरे ना?"

काका, ते अजून लिहून देऊ नका.

आधी विचारा, हे २०:४० कोणत्या घड्याळातले? समाजमाध्यमांच्या कंपन्या बहुतेक वेळा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत नोंदी देतात. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. तसं असेल तर घटना दुसऱ्या दिवशी पहाटे २ वाजून १० मिनिटांची ठरते. तेव्हा तुम्हीही घरी होता आणि मुलंही. मग तुमचं खरं बोलणं लपवाछपवी वाटेल. उलट, पोलिसांनी हे साडेपाच तास न मिळवताच इंटरनेट कंपनीला विचारलं असेल, तर उत्तरात भलत्याच ग्राहकाचं नाव येऊ शकतं, कारण घरगुती जोडणीचा पत्ता बहुधा कायमचा नसतो. २००७ मध्ये कंपनीने दिलेल्या आयपीच्या चुकीच्या तपशिलामुळे पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका अभियंत्याला अटक केली. त्या निरपराध माणसाचे ५० दिवस तुरुंगात गेले.

दुसरं विचारायचं ते पोर्ट क्रमांकाचं, म्हणजे आयपी पत्त्याला जोडून येणाऱ्या उपक्रमांकाचं. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात सुमारे ४३० कोटीच, त्यामुळे कंपन्या एकच पत्ता एकाच वेळी अनेक घरांना वाटून देतात. पत्ता म्हणजे फ्लॅट स्कीमचं गेट झालं. कोणता फ्लॅट, ते पोर्ट आणि नेमकी वेळ मिळूनच कळतं. तुमच्या जोडणीचं तसंच आहे का, हे कंपनीच सांगेल. कोणता पत्ता कधी कुणाला दिला, या नोंदी परवान्याच्या अटीनुसार कंपनीला दोन वर्षं ठेवाव्या लागतात, म्हणून त्या जपून ठेवण्याची लेखी मागणी आत्ताच करा.

तुमच्या दोन गोष्टी मला फार खटकल्या. नोटीस हातात पडल्यावर घाबरून तुम्ही राउटर रिसेट केलात. त्या वेळी कोणता मोबाइल जोडलेला होता याचा काही माग त्यात उरला असेल, तर तो गेला. वर पुरावा पुसल्याचा संशय. आणि हजर राहण्याची तारीख चुकवलीत! नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची आहे. हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात. न जाणारा हे संरक्षण स्वतःच सोडून देतो.

अटकपूर्व जामिनाची गरज आहे की नाही, हे लावलेली कलमं पाहिल्याशिवाय सांगणार नाही. मुलांवर आत्ताच बोट ठेवू नका. वायफाय कोण कोण वापरत होतं, ते विचारलं तर खरं सांगा.

उद्याच ठाण्यात जा. उशिराचं कारण, वेळेचं प्रमाण आणि पोर्ट क्रमांक यांचा एकच अर्ज द्या, प्रतीवर पोच घ्या. खुलासा त्यांचं उत्तर आल्यावर लिहू.