फ्लॅटचे आणि गडकिल्ल्यांचे फोटो एचडीआरमध्ये काढतो, पण ते भडक, रंगवल्यासारखे दिसतात. माझं काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की एजंट मित्रासाठी रीसेल फ्लॅटचे फोटो काढता, सुट्टीला सह्याद्रीत भटकता, आणि दोन्हीकडे कॅमेऱ्यातलं एचडीआर, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक करण्याची सोय, चालू ठेवता. पहिलं काम म्हणजे ते बंद करा. कॅमेरा स्वतःच्या अकलेने तीन फोटो एकत्र करून एक जेपीईजी हातावर ठेवतो, मग त्यात दुरुस्तीला फारसा वाव उरत नाही. त्याऐवजी रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेलं सगळं तसंच साठवणाऱ्या फाइलमध्ये, वेगवेगळे फोटो घ्या आणि घरी येऊन जोडा. आणि दुसरं, या दोन कामांना एकच औषध नाही. मी पुण्यात फ्लॅटच्या फोटोंवरच पोट भरतो. तिथे एचडीआरवाचून माझं पान हलत नाही. डोंगरावर मात्र ते क्वचितच लागतं.

फ्लॅटचं आधी. सकाळी अकराला हॉलमध्ये उभे राहा. आयएसओ १००, एफ/८ ठेवलंत तर खिडकीबाहेरच्या उन्हाला साधारण १/२५० सेकंद लागेल आणि सोफ्यामागच्या कोपऱ्याला पूर्ण एक सेकंद. म्हणजे आठ स्टॉपचा फरक; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, आठ म्हणजे २५६ पट. आजचा चांगला सेन्सर १३-१४ स्टॉप पकडतो म्हणतात, पण सोफ्याखालची सावली आणि समोरच्या बिल्डिंगची पांढरी भिंत धरली की तेही पुरत नाहीत, आणि काळोखातून ओढून काढलेल्या भागात दाणे दिसतात. म्हणून पाच फोटो: १/२५०, १/६०, १/१५, १/४ आणि १ सेकंद. दोन-दोन स्टॉपच्या पायऱ्या. बदलायचा तो फक्त शटर. ॲपर्चर (तो एफचा आकडा) बदललंत तर प्रत्येक फोटोत फोकसची खोली वेगळी येईल आणि जोडताना कडा मऊ पडतील. फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ठरवून ठेवलेला, ट्रायपॉड छातीच्या उंचीला, दोन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा.

इथवरचं कुठल्याही व्हिडिओत मिळेल. आपल्याकडे खरा घोळ घालतो तो पंखा. घरमालक कौतुकाने सगळं चालू करून ठेवतात. सुरुवातीच्या एका कामात मी बटण बंद केलं आणि लगेच फोटो घ्यायला लागलो. घरी येऊन जोडले तर पंख्याला सात पाती, त्यातली चार अर्धपारदर्शक. बंद केलेला पंखा पूर्ण थांबायला चांगलं मिनिटभर घेतो. तोवर टेबलावरची औषधांची पिशवी आणि फ्रीजवरची चुंबकं काढून ठेवा. पडदे बांधा, भिंतीवरचं कॅलेंडर हलत नाही ना ते पाहा, आणि टीव्ही बंद करा.

मग दिवे. मालकांचा आग्रह असतो, 'सगळे लाइट लावा, छान दिसेल.' खिडकीतून निळसर उजेड, ट्यूबचा हिरवट, फॉल्स सीलिंगमधला पिवळा, आणि एचडीआर हे तिन्ही आणखी उठावदार करतं. एकाच भिंतीवर तीन रंग उतरतात. तुमचे फोटो भडक दिसण्यामागे बहुतेक हेच असणार, दोष सॉफ्टवेअरला देऊ नका. दिवसा सरळ दिवे बंद ठेवा. लावायचेच असतील तर सगळे एका रंगाचे हवेत. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला, विशेषतः इलेक्ट्रॉनिक शटरला, भिंतीवर आडवे पट्टे उमटतात. खोलीसाठी घेतलेले फोटो १/५० किंवा त्याहून संथ असले की हा त्रास होत नाही.

जोडायला लाइटरूम पुरेसं आहे. पाचही फाइल निवडायच्या, एचडीआर मर्ज करायचं, पंखा-पडदे स्थिर असतील तर डीघोस्ट (हललेल्या गोष्टींच्या दुहेरी छबी पुसणारा पर्याय) बंदच ठेवायचं. त्यातून जी डीएनजी फाइल मिळते ती म्हणजे जास्त ऐवज असलेली एक रॉ फाइल, एवढंच. भडकपणा येतो तो त्यापुढे, टोन मॅपिंगमध्ये. मोठा आवाका छोट्या पडद्यावर बसवताना सॉफ्टवेअर प्रत्येक भागाचा उजेड शेजारच्या भागाच्या तुलनेत ठरवतं. ते जास्त ओढलं की खिडकीच्या चौकटीभोवती देवाच्या फोटोसारखी प्रभावळ दिसते आणि सोफ्याखालची सावली निघून जाते. सावली गेली की सोफा हवेत तरंगतो. क्लॅरिटीची (कडांचा उठाव वाढवणारी) पट्टी दहाच्या पुढे नेऊ नका, शॅडो पूर्ण उघडू नका, आणि खिडकी थोडी पांढरी राहिली तरी राहू द्या. भर उन्हात बाहेरचं झाड आणि आतला गालिचा सारख्याच उजेडात दिसले तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं.

एक अनुभव सांगतो, जरा लाजिरवाणा आहे. पहिल्या मजल्यावरचा टू बीएचके होता, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. मी पाच फोटो जोडून ओटा असा उजळवला की एजंट खूश. पुढच्या रविवारी त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कामाला गेलो होतो, तेव्हा एक कुटुंब तो फ्लॅट बघायला आलं. त्यातल्या काकू ओट्यापाशी उभ्या राहिल्या, भिंतीवर चाचपून दिव्याचं बटण शोधलं आणि म्हणाल्या, 'अगं, फोटोत तर दिवा न लावता दिसत होतं की सगळं.' तेव्हापासून अंधारं स्वयंपाकघर मी हॉलपेक्षा एक स्टॉप काळोखंच ठेवतो. एजंट कुरकुरतो, पण घर बघायला येऊन नाक मुरडणारे कमी झालेत असं तोही मान्य करतो.

आता डोंगर. आकाश आणि जमीन एका फोटोत न मावण्याचा प्रश्न जुनाच आहे. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळात काचेच्या निगेटिव्हवर निळ्या रंगाची छाप जास्त पडायची, त्यामुळे आकाश कोरं पांढरं यायचं. १८५०च्या दशकात फ्रान्समधला फोटोग्राफर गुस्ताव्ह ल ग्रे समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी एक अशा दोन निगेटिव्ह जोडून एक छाप काढायचा. वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंवरून मूळ उजेडाचा नकाशा गणिताने कसा काढायचा, ते पॉल डेबेव्हेक आणि आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले जितेंद्र मलिक यांनी १९९७ साली मांडलं. आज आपण जे बटण दाबतो त्यामागे ते काम आहे. ल ग्रेच्या अडचणीतलं बरंचसं मात्र आता एकटा सेन्सर निभावतो.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर संध्याकाळी गवत हलत असतं, ढग सरकत असतात, कड्याच्या टोकाशी माणसं उभी असतात. तीन फोटो जोडलेत की या सगळ्यांची भुतं होतात. त्यापेक्षा आकाश जळणार नाही एवढं एक्स्पोजर ठेवून एकच रॉ घ्या. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकू देऊ नका, आणि जमीन घरी येऊन थोडी उचला. पावसाळ्यात तर हेही लागत नाही. धुक्यात उजेडाचा फरकच कमी असतो, आणि एचडीआर त्या धुक्यातला मऊपणा घालवून त्याचा मळकट कापूस करतं.

गरज पडते ती काळोखातून उजेडाकडे बघताना: दरवाज्याच्या कमानीतून, लेण्याच्या आतून. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत ट्रायपॉड लावून पाचही फोटो घ्या, तिथे ते सार्थकी लागतात. पिंडीभोवतीचं पाणी मात्र पूर्ण स्थिर हवं. कोणी नुकतं प्रदक्षिणा घालून बाहेर आलं असेल तर पाच-दहा मिनिटं थांबा, आणि शक्यतो रविवारी जाऊच नका.