सुगीचे दिवस : वाचकांचे प्रश्न

‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ असं सगळे म्हणतात. आमच्या भाताला मात्र स्वातीचा पाऊस नकोच असतो. मग म्हण खोटी का? आणि कापलेलं भात भिजलं तर काय करावं?
— एक वाचक, खानापूर तालुका

म्हण खरी आहे, पण ती तुमच्या शिवारातली नाही. तुमच्याच तालुक्यातल्या कणकुंबीला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तर पूर्वेला अथणीकडे जेमतेम सहाशे. स्वाती साधारण २४ ऑक्टोबरला लागते. तेव्हा पूर्वेकडची शाळू (रब्बी ज्वारी) आणि हरभरा कोवळा असतो, त्याला तो पाऊस म्हणजे मोतीच. तुमच्याकडे त्याच दिवसांत भात आडवं पडलेलं असतं. भातकऱ्याची म्हण वेगळी: ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’, म्हणजे इतकं पिकतं की कुत्र्यालाही नको होतं. उत्तरा १३ ते २६ सप्टेंबरच्या सुमारास असते. भात तेव्हा फुलोऱ्यात किंवा दुधात असतं. त्या वेळी पाणी मिळालं तर दाणा भरतो, तुटलं तर पळींज (पोकळ दाणे) वाढतं. मात्र इंद्रायणीसारख्या १३५-१४० दिवसांच्या वाणाची लावणी लांबली तर हे सगळं पुढं सरकतं. म्हणून नक्षत्राबरोबर लोंबीही बघावी.

आता कापणीचं. कापणीआधी आठ-दहा दिवस बांध फोडून पाणी काढा. लोंबीतले शंभरातले ऐंशी-पंचाऐंशी दाणे पिवळे झाले की विळा लावा. सगळेच वाळायची वाट बघितली तर दाणे गळतात. बुडखा चार-पाच बोटं उंच ठेवून कापा, म्हणजे पेंढी चिखलाला न टेकता धसकटांवर राहते आणि खालून वारा खेळतो.

कापलेलं भिजलंच तर ओल्या पेंढ्या बांधून गंजी घालू नका. गंजीच्या पोटात ऊब धरते, दाणा पिवळा पडतो, तांदळाला कुबट वास येतो. पेंढ्या बांधावर उचलून पातळ पसरा आणि दिवसातून दोनदा उलटा. ढग हटणार नसतील तर लिटरला ५० ग्रॅम मीठ घालून लोंब्यांवर फवारा, कोंब येणं लांबतं. उभं पीक लोळलं असेल तर आधी पाणी काढा, मग चार-सहा बुडखे एकत्र बांधून उभे करा.

मळणीनंतर एक गोष्ट पुष्कळ घरांत राहून जाते. दिवसभर ऑक्टोबरच्या उन्हात तापलेलं भात रात्री उघड्यावर राहिलं की दव पितं, दाण्याला आतून चीर जाते आणि गिरणीत कणीच जास्त पडते. ऊन उतरायच्या आत ढीग करून झाका. पोत्यात भरण्याआधी कोरड्या बाटलीत मूठभर भात आणि चमचाभर कोरडं मीठ घालून जोरात हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर भात अजून ओलं आहे.

शाळू हस्तात पेरावी की चित्रात? दोन वर्षं पीक मध्येच सुकतंय.
— एक शेतकरी, अथणी

१५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ही पेरणीची वेळ. त्यात हस्त असो की चित्रा, वापसा (पेरणीजोगी ओल) मिळाला की थांबू नये. उशिरा पेरलेल्या शाळूला खोडमाशी लागते आणि पोटरीच्या वेळी (कणीस बाहेर पडण्याआधी) जमिनीत ओल उरत नाही. तुमचं पीक सुकण्याचं कारण बहुधा हेच. मालदांडी एकरी तीन-चार किलो पुरते. काणी (कणसाचा बुरशीरोग) टाळायला किलोला ४ ग्रॅम गंधकाची पूड चोळा. कुरीने (पाभरीने) दीड फुटावर ओळी, दोन इंच खोल, ओलीत. बारा-पंधरा दिवसांनी विरळणी करून दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. इथं हात आखडू नका, दाट शाळू एकमेकांचं पाणी पिते. कोळपण्या तीन हव्यात: तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. पहिली तणासाठी. शेवटची टाळली जाते, पण काळ्या रानाच्या भेगा तीच बुजवते, आणि ओल त्या भेगांतून उडते.

घटाचं धान्य कुजतं. आणि उगवण चांगली तर बियाणं चांगलं, हे खरं का?
— एक वाचक, निपाणी

कुजण्याचं कारण दाटी आणि पाणी. माती चाळून दोन बोटं थर द्या, रात्रभर भिजवलेलं धान्य एकेरी पसरा आणि वर मातीचा नुसता पापुद्रा. नवा, न रंगवलेला घट स्वतःच झिरपतो, त्याला वरून पाणी नको. रंगवलेला घट झिरपत नाही, तिथं सकाळी फक्त शिंपडा. रोपं पिवळी येतात ती देवघरात उजेड नसल्यामुळे, त्यात काही चुकलेलं नसतं.

बियाण्याची पारख घटावरून पक्की होत नाही, कारण दाणे मोजलेले नसतात. शिवाय नवरात्रात पेरणी सुरूच झालेली असते. पितृपंधरवड्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळा, सावलीत ठेवा, आठव्या दिवशी मोजा. शाळूचे ७५ आणि हरभऱ्याचे ८५ तरी उगवायला हवेत.

सोनं म्हणून बाजारात कांचनाची पानं विकतात. ओळखावं कसं?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

आपट्याचं पान लहान, जाड, खरखरीत, लांबीपेक्षा रुंद, आणि मधली खाच उथळ असते. कांचनाचं पान मोठं आणि पातळ. दसऱ्याच्या सुमारास झाडावर मोठी गुलाबी-जांभळी फुलं असतील तर तो कांचनच. कन्नड शेजारी बन्नी देतात ती शमी, बारीक पानांची, काटेरी. काहीही तोडा, पण पानं तोडा, फांद्या नव्हे.

दिवाळीच्या किल्ल्याला तडे जातात आणि हिरवळ उतारावर टिकत नाही.
— एक वाचक, बेळगाव

काळी माती वाळताना आक्रसते, म्हणून तडे. लाल माती घ्या. आत दगड-विटा रचून त्यावर ओलं गोणपाट अंथरा. पहिला जाड लेप माती, थोडं शेण आणि बारीक चिरलेलं पिंजार कालवून द्या. एक दिवस वाळू द्या, तडे दिसले की मातीचा पातळ काला हाताने फिरवा. बुरूज शेवटी बसवा, आधी बसवले तर लेपाच्या ओढीने कलतात.

उतारावर अळीव पेरा. भिजला की तो बुळबुळीत होऊन मातीला धरतो आणि दोन-तीन दिवसांत उगवतो. सपाटीला मोहरी. दोन्ही वसुबारसेच्या आठवडाभर आधी पेरा, त्याहून लवकर पेरलं तर ऐन दिवाळीत रोपं लोळतात. पाणी फवाऱ्याने द्या, तांब्याने ओतलं तर वाट पडते. नमुना हवा असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड जवळच आहे, मुलांना एकदा तटावरून फिरवून आणा आणि बुरूज त्यांनाच मोजू द्या. संध्याकाळी गडगडाट झाला तर झाकायला ताडपत्री हाताशी असू द्या. ती किल्ल्यावर टेकवू नका, चार काठ्यांवर ताणा.